गळका मास्क आणि ‘असहकारी’ कर्मचारी

इंजिनावरच्या गेजमध्ये ब्रेक पाइपचे प्रेशर ५ किलो दिसल्याशिवाय गाडी सुटत नाही. प्रेशर येत नसेल तर कॅरेज-वॅगनचा साथी गाडीच्या कडेने चालत जातो, सूं आवाज कुठून येतो ते कान देऊन शोधतो आणि होज पाइपच्या जोडातला रबरी वॉशर बदलतो. गाडी असहकार करते असा शेरा कोणी मारत नाही. आणखी एक कॉम्प्रेसर जोडा म्हणजे गळती चालून जाईल, असेही कोणी सांगत नाही. गळती म्हणजे जोडाचा दोष, आणि जोड दुरुस्त करणे हे ज्याची गाडी त्याचे काम, हे शंभर वर्षांपूर्वीच ठरून गेले आहे.

हाच न्याय कर्मचाऱ्याच्या नाकाला मात्र लागू नाही! झोपेत श्वास अडण्याचा विकार असलेल्या साथीला इस्पितळातून सीपॅप नावाचे यंत्र मिळते. यंत्र चांगले असते, पण त्याच्या नळीच्या टोकाला असलेला मास्क चेहऱ्यावर बसत नाही. हवा डोळ्यांत जाते, नाकाचे हाड सोलवटते, माणूस मध्यरात्री कंटाळून पट्टे काढून फेकतो. तीन महिन्यांनी कार्डावरची नोंद वाचून त्याच्या केसपेपरवर शेरा पडतो: ‘नॉन-कम्प्लायंट’. म्हणजे गळतो वॉशर आणि दोषी ठरते गाडी. असा शेरा मी एका इस्पितळाच्या कागदावर डोळ्यांनी पाहिला आहे. ज्याच्या नावापुढे तो होता त्या लोको पायलटच्या नाकावर चष्म्याच्या दांडीखाली बोटभर रुंदीचा व्रण होता. त्या व्रणाची नोंद कागदावर कुठेच नव्हती.

विकार काय आहे ते आधी थोडक्यात पाहू, कारण ‘घोरणे म्हणजे गाढ झोप’ हा समज आपल्या घराघरांत आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही माणसांत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट मिटते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी मिनिटभर श्वास थांबतो. मेंदू दचकून जागा होतो, मोठा घोरका येतो, वाट उघडते, पुन्हा मिटते. गंभीर रुग्णात हे एका तासात तीस वेळांहून अधिक घडते. माणसाला सकाळी यातले काही आठवत नाही; आठ तास झोपूनही डोळे मिटतात, एवढेच त्याला कळते. सीपॅपचे यंत्र नाकावाटे हवेचा दाब देते आणि घशाला आतून हवेचा टेकू लावते. टेकू आहे तोवर वाट उघडी. मास्क गळला की टेकू निसटला.

रेल्वेवाल्यांना याचे महत्त्व न्यूयॉर्कच्या अपघाताने कळायला हवे होते. १ डिसेंबर २०१३ रोजी मेट्रो-नॉर्थची प्रवासी गाडी ताशी ३० मैल मर्यादेच्या वळणावर ८२ मैलांच्या वेगाने शिरून घसरली. चार माणसे मेली. चालकाने दारू घेतली नव्हती, तो फोनवरही नव्हता. त्याला गंभीर स्लीप ॲप्निया होता आणि तो कोणी तपासलेलाच नव्हता. त्याची पाळी नुकतीच बदलून पहाटेची झाली होती, हेही चौकशीत पुढे आले. २९ सप्टेंबर २०१६ रोजी होबोकेनला गाडी टर्मिनसच्या बफरवर चढली, ४ जानेवारी २०१७ रोजी ब्रुकलिनला तेच. दोन्ही चालकांचे निदान अपघातानंतर झाले. मेट्रो-नॉर्थने आपल्या चालकांची तपासणी केली तेव्हा सुमारे नऊपैकी एकाला हा विकार निघाला. तरीही अशा तपासणीचा जो नियम अमेरिकन सरकार करणार होते तो ऑगस्ट २०१७ मध्ये गुंडाळून ठेवण्यात आला.

आता प्रशासनाची बाजू ऐका. ‘आम्ही यंत्र देतो, कर्मचारी वापरत नाहीत.’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी आहे त्यांनी यंत्राचा इतिहास एकदा वाचावा. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवरचा पहिला प्रयोग १९८१ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापला. हवा सोडणारा ब्लोअर ही त्यांची अडचण नव्हती. तो कोठेही मिळत होता. पुढे घरी नेण्याच्या यंत्रांना व्हॅक्यूम क्लीनरची मोटरसुद्धा चालली. अडचण होती ती नाकाशी जोड कसा करायचा ही. पहिल्या रात्री नाकपुड्यांत नळ्या घालून त्यांवर पटकन घट्ट होणारे सिलिकॉन ओतून त्यांनी जोड हवाबंद केला. मग रुग्ण घरी यंत्र नेऊ लागले तेव्हा प्रत्येकाच्या नाकाचा प्लास्टरमध्ये साचा घेतला, त्यावर फायबरग्लासचा मास्क घडवला, आणि तो रोज रात्री सिलिकॉनच्या डिंकाने चिकटवायचा. किती कटकटीचे! पण माणसे वापरत होती, कारण प्रत्येकाचा मास्क त्याच्याच नाकाचा होता. या उपचाराचा जन्मच मुळी माप घेऊन झालेला आहे. माप न घेता मास्क देणे ही नंतरची काटकसर आहे.

पुढे कारखाने आले, साचे ठरले, लहान-मध्यम-मोठा अशी मापे आली. यात कारखानदारांनी काहीच केले नाही असे म्हणणे खोटेपणा होईल. मास्कच्या कडेला आतल्या बाजूने सिलिकॉनचा अगदी पातळ पदर असतो, त्याच्यामागे जाड पदर. पातळ पदर आतल्या हवेनेच फुगतो आणि गालावर पसरतो. म्हणजे जोड हवाबंद करण्याचे काम मुख्यतः पट्टा करत नाही, दाब स्वतःच करतो. ही खरी कारागिरी आहे. पण हे ज्याला सांगितले नाही तो माणूस काय करतो? हवा गळली की पट्टा आवळतो. आवळला की पातळ पदर दुमडतो, आणखी गळते, तो आणखी आवळतो, आणि सकाळी नाकावर जखम. पट्टा आवळून गळती थांबत नाही, हे सांगायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे द्यायला इस्पितळात माणूस नेमलेला नाही.

थोडा हिशोब करू, आपल्या कामगारांना तो अवघड नाही. सीपॅपचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. बहुतेक यंत्रे ४ पासून २० पर्यंत देतात. १० सेंटिमीटर दाब म्हणजे मास्कच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १० ग्रॅमचा रेटा. फक्त नाक झाकणाऱ्या मास्कने समजा २५ चौरस सेंटिमीटर जागा घेतली, तर चेहऱ्यापासून दूर ढकलणारा जोर २५० ग्रॅम. नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कने ७५ घेतली, तर जोर ७५० ग्रॅम. हा जोर पट्ट्यांनी पेलायचा, आणि पट्टे टेकणार कुठे? नाकाच्या हाडावर, जिथे कातडीखाली मांसच नाही. दाब २० झाला की आकडे दुप्पट. म्हणून जितका लहान मास्क चालेल तितका बरा. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या ॲकॅडमीने २०१९ साली हीच शिफारस केली: शक्यतो नाकाचा किंवा नाकपुड्यांत टेकणारा मास्क, तोंड झाकणारा नव्हे. आपल्याकडे खरेदी करणाऱ्याचे डोके उलटे चालते. मोठा मास्क सगळ्यांना चालेल, म्हणून मोठा घ्या आणि वाटा! एकाच नंबरचा बूट, तोही सर्वांत मोठा, साऱ्या गँगला वाटण्यासारखे आहे हे.

गळती कुठे होते हेही पाहावे. नाकाच्या मुळाशी, डोळ्यांच्या कोपऱ्यात. रात्रभर त्या फटीतून हवेचा झोत डोळ्यावर बसतो, सकाळी डोळे लाल आणि कोरडे. लोको पायलटची वैद्यकीय श्रेणी ए-वन. त्याच्या डोळ्यांची तपासणी सगळ्यांत कडक. आणि त्याच डोळ्यांवर रात्रभर वारा घालणारा मास्क त्याला वैद्यकीय खात्यानेच द्यायचा! आरएमएसमध्ये रात्रपाळीला पिन कोड वाचून टपालाची वर्गवारी करणाऱ्या साथीची गोष्ट वेगळी नाही. त्याला तर दिवसा झोपायचे असते, उकाड्यात. घामाने सिलिकॉन घसरते आणि मास्क जागचा हलतो.

माप घेण्याचा प्रश्न नवा नाही. विषारी वायूपासून बचाव करणारे औद्योगिक मास्क कोणाच्या तोंडावर बसतात हे ठरवण्यासाठी अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात चेहऱ्याच्या मापांचा एक तक्ता केला. मापे घेतली होती १९६७-६८ साली, अमेरिकन हवाई दलाच्या माणसांची. तरुण, सडपातळ, लष्करी चेहरे. त्या तक्त्यावर तीस वर्षे साऱ्या उद्योगांचे मास्क पास होत राहिले. २००३ साली तिथल्याच सरकारी संस्थेने ३,९९७ कामगारांचे चेहरे मोजले तेव्हा दिसले की जुन्या तक्त्यात १५ टक्क्यांहून अधिक कामगार बसतच नाहीत. ज्या देशाने तक्ता केला तिथली ही गत, तर नागपूरच्या ट्रॅकमनची, गुवाहाटीच्या पोस्टमनची आणि कोचीच्या बुकिंग क्लार्कची नाके एका साच्यात कशी बसावीत? अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रबर्ती यांचे भारतीयांच्या शरीरमापांचे पुस्तक १९९७ साली काढले. म्हणजे मापे घेण्याची विद्या या देशात आहे. खरेदीच्या फायलीत ती शिरत नाही, एवढेच.

आता मिशीचे बोलू, नाहीतर साथी म्हणतील सोयीचे तेवढे लिहिले. मिशी-दाढीवर सिलिकॉन नीट बसत नाही, हे खरे आहे. पण त्यावर ‘मिशी काढा’ हा हुकूम हे उत्तर नव्हे. नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या उशीसारख्या मास्कला मिशीची फारशी अडचण होत नाही. कोविडच्या साथीत ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांनी दाढीवर रबरी पट्टी बांधून वर मास्क बसवण्याची रीत काढली आणि ती तपासूनही पाहिली. माणसाला बदलण्याआधी वस्तू बदलून पाहावी, एवढे शहाणपण त्यांना सुचले.

आणि वस्तू बदलताना घाई केली तर काय होते त्याचाही दाखला आहे. पट्टे पटकन लागावेत म्हणून मास्कला लोहचुंबकाच्या क्लिपा आल्या. दिसायला सुटसुटीत. पण शेजारी झोपलेल्या बायकोच्या छातीत पेसमेकर असेल तर? सप्टेंबर २०२२ मध्ये फिलिप्स रेस्पिरॉनिक्सला अशा १ कोटी ७० लाखांहून अधिक मास्कांबाबत इशारा काढावा लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये रेसमेडनेही आपल्या मास्कांसाठी तो काढला. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले तत्सम धातूचे उपकरण असलेल्याने, आणि त्याच्या अगदी जवळ असणाऱ्यानेही, असा मास्क वापरू नये. आपल्या निवृत्त साथींपैकी ज्यांना सीपॅप मिळाले आहे त्यांनी क्लिपा आजच तपासाव्यात. आणखी एक: मास्कच्या पुढच्या बाजूला जी बारीक भोके असतात ती गळती नव्हे. सोडलेला श्वास बाहेर जावा म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात. फुसफुस आवाज होतो म्हणून काहीजण त्यांवर चिकटपट्टी लावतात. तसे केल्यास आपलाच सोडलेला वायू आपण पुन्हा ओढतो. कृपया करू नका, घरातल्यांनाही करू देऊ नका.

खर्चाचा मुद्दा निघणारच. मास्कची सिलिकॉनची उशी ही झिजणारी वस्तू आहे. चेहऱ्याच्या तेलाने ती हळूहळू बिघडते, पातळ पदर ढिला पडतो. रोज साध्या साबणाने धुतली तर जास्त टिकते, पण कायमची टिकत नाही. ब्रेक ब्लॉक झिजतो म्हणून कोणी ड्रायव्हरच्या पगारातून तो कापत नाही. इथे मात्र यंत्र एकदा मिळाले की पुढची पाच वर्षे उशी स्वतःच्या खिशातून आणा, असा व्यवहार चालतो. कंपन्यांचीही यात चांदी आहे. नळीचा जोड २२ मिलिमीटरचा, तो आंतरराष्ट्रीय मानकाने सगळ्यांचा सारखा. पण उशी मात्र ज्याची त्याच्याच सांगाड्यात बसणार. एका कंपनीची उशी दुसऱ्या कंपनीच्या मास्कला लागत नाही, त्यामुळे किंमत ती म्हणेल ती. ज्या रेल्वेत वॅगनचे सुटे भाग आरडीएसओच्या ड्रॉइंगप्रमाणे कोणत्याही कारखान्यात करून घेतले जातात, तिला हा मक्ता मोडण्याची भाषा येत नाही असे कसे म्हणावे? येते. फक्त ती वॅगनसाठी वापरली जाते.

जगात तीस ते एकोणसत्तर वर्षांच्या सुमारे ९४ कोटी माणसांना हा विकार असावा, असा एक अंदाज २०१९ साली प्रसिद्ध झाला आणि तो सर्वत्र फिरतो. ही गणती मास्क विकणाऱ्या कंपनीच्या पैशातून झाली आहे, एवढे ध्यानात ठेवून तो आकडा वापरावा. आपल्याला आकड्याची गरज नाही. आपल्या लॉबीत आणि सॉर्टिंगच्या हॉलमध्ये किती जण बसल्या जागी पेंगतात ते आपल्याला दिसते.

आता तो चार तासांचा नियम. अमेरिकेच्या सरकारी विमा योजनेने यंत्राचे पैसे द्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी मोजपट्टी केली: पहिल्या तीन महिन्यांतल्या सलग तीस दिवसांत ७० टक्के रात्री किमान चार तास वापर. हा पैसे देणाऱ्याचा नियम आहे. इथे मात्र तो वेदवाक्यासारखा वापरला जातो आणि त्यावरून माणूस कामाला लायक की नालायक ते ठरते. ज्याची झोप कधी सकाळी नऊला तर कधी रात्री दोनला सुरू होते, जो रनिंग रूमच्या पलंगाजवळ प्लगच नाही म्हणून यंत्र घरी ठेवून जातो, त्याच्या ‘रात्री’ कशा मोजणार? आणि त्याच कार्डावर गळतीचाही आकडा असतो. रेसमेडच्या यंत्रात नको असलेली गळती मिनिटाला २४ लिटरच्या वर गेली की ती जास्त मानतात. तास वाचणारे डोळे त्याच पानावरची गळती वाचत नाहीत. तास कमी म्हणजे कर्मचारी दोषी. गळती जास्त म्हणजे मास्क देणारा दोषी. मग वाचणार कोण?

दोन शब्द आपल्याच बाजूच्या साथींसाठी. ‘तपासणीच नाकारा, ते डीकॅटेगराइज करतील’ असे सांगणारे कार्यकर्ते आहेत. त्यांची भीती खोटी नाही. किलोमीटरचा भत्ता गेला की घरचा हप्ता थकतो, म्हणूनच ड्रायव्हर डॉक्टरसमोर घोरण्याचा उल्लेख टाळतो. पण हा विकार लपवून बरा होत नाही. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, आणि एखाद्या पहाटे पिवळा सिग्नल न दिसता मागे पडतो. तेव्हा चौकशीत झोपेचे कारण निघाले तर खापर पुन्हा आपल्याच डोक्यावर. म्हणून आपली लढाई तपासणीविरुद्ध नसावी. तपासणी करा, उपचार द्या, आणि उपचार नीट बसेपर्यंत पगार व भत्ता शाबूत ठेवा, अशी ती असावी. नीट बसलेल्या मास्कवर झोपणारा लोको पायलट कामाला नालायक नसतो. उलट तो निदान न झालेल्या साथीपेक्षा जास्त जागा असतो. वजन कमी करा हा सल्ला बरोबर आहे, पण तो पाळायला वर्षे लागतात आणि गाडी आज रात्री चालवायची आहे. ग्रामीण डाक सेवकाला तर सीजीएचएसच नाही. त्याच्या घोरण्याची दखल कोणत्या दवाखान्याने घ्यायची हा प्रश्नच अजून उभा राहिलेला नाही, तो आपण उभा केला पाहिजे.

रेल्वेतल्या शाखांनी येत्या पीएनएममध्ये आणि डाक शाखांनी आपल्या जेसीएममध्ये पुढील विषय घालावा. सीपॅपच्या खरेदीत मास्क ही स्वतंत्र बाब असावी आणि निविदेत किमान तीन प्रकार व प्रत्येकाची सर्व मापे मागवावीत. मास्क आडवे झोपवून, यंत्राचा दाब चालू ठेवून बसवून पाहावा, कारण बसल्यावरचा चेहरा आणि झोपल्यावरचा चेहरा सारखा नसतो. पहिल्या महिन्यात न बसलेला मास्क बिनशर्त बदलून मिळावा. उशी ठरावीक मुदतीने खात्याच्या खर्चाने यावी. रनिंग रूमच्या प्रत्येक पलंगाशी प्लग असावा. गळतीचा आकडा, नाकावरची जखम आणि किती मास्क देऊन पाहिले याची नोंद केसपेपरवर असल्याशिवाय ‘नॉन-कम्प्लायंट’ हा शेरा मारता येऊ नये. विषयासोबत आपल्या शाखेतल्या वापरणाऱ्या साथींची माहिती जोडावी: कोणता मास्क मिळाला, कोणत्या मापाचा, बसवून दिला की हातात ठेवला, आणि शेवटची उशी कधी बदलली. नावे घालू नयेत. हुद्दा आणि सेवेची वर्षे पुरेत.